जायचंच आहे तर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडला शिकायला जायचं म्हणणारं तुझं पत्र दोनदा वाचलं. बंगळुरूला ४ जून २०२५ रोजी स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरीत गेलेले ११ जीव, महिना-सव्वा महिन्यात आपल्याच पादरा गावाजवळ मही नदीवर कोसळलेला गंभीरा पूल, त्याआधी आपल्या वडोदऱ्यातल्या हरणी तलावात बुडालेल्या बोटीतली शाळेची पोरं. सगळं ओळीने मांडलंस आणि शेवटी लिहिलंस : ‘काका, इथे माणसाची किंमतच नाही. तिकडे निदान मॅच बघायला गेलेला माणूस जिवंत घरी येतो.’

जायला माझी हरकत नाही, हे आधी सांगून टाकतो. मी तुला थांबवीन अशी तुझ्या बाबांना आशा आहे, पण वडोदऱ्यात बसून ‘देश सोडू नकोस’ म्हणायला मला तोंड नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेले आंबेडकर करार पाळून १९१७ मध्ये इथे नोकरीला आले, तेव्हा या गावात त्यांना कुणी भाड्याने खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि मुंबईची गाडी धरली. त्यामुळे जाणाऱ्याला जाब विचारायचा हक्क निदान आपल्या गावाला तरी नाही.

माझी अडचण आहे ती तुझ्या त्या शेवटच्या वाक्याशी.

ऐंशीच्या दशकात मी यॉर्कशायरमध्ये नोकरीला होतो. शनिवारी तीनला फुटबॉलची मॅच सुरू व्हायची आणि पावणेपाचच्या सुमारास सुटायची. त्या वेळी आम्ही देशी मंडळी स्टेशनचा रस्ता टाळायचो. आत उभ्याने मॅच बघायची, पुढे लोखंडी जाळी, दोन्ही बाजूंना जाळी. प्रेक्षक म्हणजे आधी गुंड, मग माणूस, असा पोलिसांचा, सरकारचा आणि पेपरवाल्यांचा सरळ हिशेब होता. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक समोरच्यांवर धावून गेले, भिंत पडली, ३९ माणसं मेली. त्यानंतर तर तो हिशेब पक्काच झाला.

आणि १५ एप्रिल १९८९. शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कप या तिथल्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी. लिव्हरपूलवाल्यांच्या बाजूला आत जायची फिरती दारं अपुरी, बाहेर हजारोंची दाटी. दोन वाजून बावन्न मिनिटांनी पोलिसांनी मोठं गेट उघडलं. समोर बोगदा दिसला, माणसं सरळ त्यात शिरली. बोगदा जायचा मधल्या दोन कप्प्यांत, आणि ते आधीच गच्च भरलेले. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. पण बोगद्याचं तोंड अडवून ‘इकडून नाही, तिकडून जा’ एवढं सांगायला तिथे कुणी उभं नव्हतं. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला. ९७ जीव गेले. त्यातला शेवटचा माणूस तेव्हाच्या जखमा सोसत २०२१ मध्ये वारला.

पुढचं तुला ओळखीचं वाटेल. प्रेक्षकांनीच गेट फोडलं, असं त्या दिवशीच्या बंदोबस्ताच्या पोलीसप्रमुखाने सांगितलं. लोक दारू पिऊन आले होते, मेलेल्यांचे खिसे कापत होते, असं एका खपाच्या पेपराने पहिल्या पानावर छापलं. पोलिसांच्या जबान्या दुरुस्त करून घेतल्या गेल्या. टेलर नावाच्या न्यायमूर्तींनी चारच महिन्यांत सांगितलं की मुख्य चूक पोलिसांची. तरी ज्यूरीच्या तोंडून ‘हे बेकायदा मृत्यू आहेत, प्रेक्षकांचा दोष नाही’ हे यायला २०१६ उजाडलं. २०१९ मध्ये तो पोलीसप्रमुख निर्दोष सुटला आणि ते मैदान ज्यांचं त्या क्लबच्या तेव्हाच्या सचिवाला ६,५०० पौंड दंड झाला. हरणीच्या मुलांच्या आईबापांना हे वाचून दाखवलंस तर त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

आता यावर ‘म्हणजे सगळीकडे सारखंच’ म्हणून मोकळी होऊ नकोस. सारखं नाही. लिव्हरपूलची ती कुटुंबं सत्तावीस वर्षं हटली नाहीत. टेलरच्या अहवालानंतर जाळ्या निघाल्या आणि वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर नुसत्या खुर्च्या आल्या. त्याआधीही असंच. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात जिन्यावर ६६ जण चिरडले, तेव्हा कुठे १९७५ मध्ये मैदानांना सुरक्षा प्रमाणपत्र लागेल असा कायदा झाला. आणि कायदा असूनही १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेलीच. तू मध्यरात्री टीव्हीवर जे बघतेस, पिवळ्या जॅकेटात गर्दी सांभाळणारे स्टुअर्ड, पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळं दार, हातात बिअर घेऊन मैदान दिसेल अशा जागी यायला बंदी, ते बरंचसं अशा एकेका तेराव्यानंतर नाहीतर मारामारीनंतर आलेलं आहे. गोऱ्यांच्या रक्तात शिस्त असते हे आपल्याकडचं लाडकं मत मी तिथे राहून आलो म्हणून तरी मला कुणी ऐकवू नये. (खुर्च्यांबरोबर तिकिटंही महागली आणि पिढ्यान्‌पिढ्या उभ्याने मॅच बघणारा कामगार बाहेर फेकला गेला, हेही तिथले जुने लोक तुला सांगतील.)

जरा ढिलाई झाली की तेही कोलमडतं. ११ जुलै २०२१ ला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याला लंडनच्या वेम्ब्ली मैदानात बिनतिकिटांचे लोंढे दारं फोडून आत शिरले. इंग्लंड पेनल्टीवर हरलं, आणि चुकलेली तिन्ही पोरं काळी म्हणून त्यांना रात्रभर शिव्या घातल्या गेल्या.

आपल्याकडचं उदाहरण तुझ्या घराजवळच आहे. नवरात्रात मोठ्या मैदानावर हजारो माणसं अनवाणी फेर धरतात. सगळ्यांची दिशा एक, मध्ये गाणारे, शिरणाऱ्यालाही कळतं कुठून शिरायचं. कुणी चिरडत नाही. गरबा संपल्यावर हीच माणसं पार्किंगच्या एका फाटकाशी एकमेकांच्या अंगावर चढतात. दहा मिनिटांत माणसाची किंमत कमी झाली का? फाटक एकच ठेवलं, एवढंच. तू सिव्हिल शिकतेस, तर असं बघायची सवय लाव. बंगळुरूचा संघ रात्री अहमदाबादला आयपीएल जिंकला आणि दुसऱ्याच दुपारी बंगळुरूत सोहळा ठेवला. पोलिसांना, दारांना, माणसांना तयारीला वेळच नव्हता. ‘या देशात’ म्हणून सुस्कारा सोडलास की हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

परदेशी राहणाऱ्यांच्या मतांपासूनही जपून. डिसेंबरात आपल्याकडे येतात, उत्तरायणाला गच्चीवर चिक्की खात ‘इंडिया नाही सुधारणार’ म्हणतात आणि परत जाऊन दर शनिवारी भारतीय दुकानात रांग मोडतात. त्यांचं सगळंच खोटं नसतं, पण सोडून आलो ते बरोबरच केलं हे स्वतःला पटवायची गरज त्या बोलण्यात फार असते. गंमत म्हणजे इंग्रजही तसेच. स्पेनच्या किनाऱ्यावर किंवा दुबईत स्थायिक झालेला इंग्रज गाठ. आमच्या देशाचं वाटोळं झालं, दवाखान्यात नंबर लागत नाही, गाड्या वेळेवर नाहीत, हेच ऐकशील. तू ज्या गावाला स्वर्ग समजून निघालीयस तिथून ही माणसं वैतागून निघाली आहेत. तिथे सहकारी स्वतःच्या देशाला शिव्या घालतील तेव्हा ऐकून घे, सूर मिळवू नकोस. नव्या सुनेने सासूच्या तक्रारीला मान डोलावली की दोन्हीकडून पंचाईत होते.

आता कामाचं. शिक्षणानंतर तिथे राहायला दोन वर्षं मिळतात असं अलकापुरीतला कन्सल्टंट अजून सांगतोय, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना पीएचडी सोडून १८ महिनेच मिळणार आहेत. तू या सप्टेंबरात गेलीस तर त्यातच बसतेस. पुढे नोकरीच्या व्हिसाला जुलै २०२५ पासून साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो, नवख्यांना ३३,४००. आरोग्याचा अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो आधीच भरायचा. हे आकडे बाबांसमोर ठेव, मग जमिनीच्या तुकड्याचं बोला.

मॅचसाठी मोठ्या क्लबच्या मागे लगेच लागू नकोस. सभासद झाल्याशिवाय तिकीट हाती येणं कठीण. खालच्या विभागातला गावातला क्लब बघ. स्वस्तही पडेल आणि शेजारी बसलेला म्हातारा आपणहून बोलायला लागेल. पहिल्या वेळी कुठल्याच संघाचे रंग घालू नकोस आणि बाहेर पडायची वाट आधी बघून ठेव.

कन्सल्टंटच्या करारावर सही करण्याआधी कागद मला दाखव. परतावा कधी मिळतो आणि कधी नाही, ते कलम बारीक अक्षरात मागच्या पानावर असतं. रविवारी दुपारी चारनंतर ये. काकू घरी नाही, चहा मीच करीन.

तुझा,
काका