सही करण्याआधी खात्याचा उतारा माग

पोरी,

अनेक आशीर्वाद.

नोटिशीचा फोटो मिळाला. चार लाखांच्या आतलं तुझं शिक्षणकर्ज नऊ लाखांवर गेलेलं बघून तुझी झोप उडणारच. त्यात अण्णा म्हणतात, 'एवढ्या कर्जमाफ्या होतात, त्यात हेही निघून जाईल.' नाही निघायचं. २०१७ची काय नि २०१९ची काय, दोन्ही माफ्या शेतीकर्जाच्या होत्या. शिक्षणकर्जाला त्यात जागा नव्हती. बँकेनं खातं 'राइट ऑफ' केलं असं कुणी सांगितलं तरी हुरळून जाऊ नकोस. तो बँकेच्या ताळेबंदातला मामला असतो, तुझ्याकडचं येणं तसंच राहतं.

आता एक दिवस सुट्टी काढून पुण्याहून ये आणि शाखेत स्वतः जा. अण्णांना एकटं पाठवू नकोस. ते साहेबांसमोर मान खाली घालून बसतील आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही करून मोकळे होतील. जाताना दोन ओळींचा अर्ज लिहून ने: मंजुरीपत्राची प्रत आणि पहिल्या दिवसापासूनचा खात्याचा पूर्ण उतारा मिळावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घे.

त्या दिवशी पैसे मात्र भरायचे नाहीत. 'आलात तर हजारेक रुपये भरून जा, साहेबांना बरं वाटेल' असं कुणीतरी म्हणेलच. किंवा एखादा छापील कागद पुढे सरकवतील, 'मॅडम, नुसती बाकी कबुलीची सही.' मी नोकरीत असताना आम्ही ती सही मागायचोच, कारण कागद जिवंत ठेवणं हे शाखेचं कामच असतं. पैशाच्या वसुलीचा दावा लावायला मुदत कायद्यानं तीन वर्षं दिलीत. मुदतीच्या आत तू लेखी कबुली दिलीस किंवा थोडी रक्कम भरलीस की ती तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. मुदत उलटून गेल्यावरही लेखी वचन दिलंस, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते तुझ्यावर बंधनकारक ठरतं. तुझा शेवटचा हप्ता २०१८चा. पण करोनामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयानं मुदतीतून वगळला होता, आणि हप्त्यांच्या कर्जात मुदत नेमकी कुठून मोजायची यावर वकील भांडत असतात. म्हणून बोटांवर मोजत बसू नकोस, उतारा वकिलाला दाखव. फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७च्या कायद्यानंच तो हक्क दिलाय. आपल्याकडं हे फार थोड्या बायांना माहीत असतं.

मुदतीच्या आडोशाला बसून राहा, असं मात्र मी सांगत नाही. मुदत संपली तर दावा अडतो, कर्ज पुसलं जात नाही. खरी अडचण तुझ्या नावाची नाहीच, अण्णांच्या नावाची आहे. ते सहकर्जदार आहेत, त्यामुळे तेच थकीत खातं त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं. मृगाच्या तोंडावर पीककर्जाला गेले की 'आधी पोरीचं मिटवा' हे ऐकून परत येतात, आणि मग बियाणं-खत दुकानदाराकडून उधारीवर. त्या उधारीचा भाव तुला मी सांगायला नको. हे मिटवायचं ते यासाठी.

उतारा हातात आला की आधी शिक्षणाच्या वर्षांतलं व्याज बघ. आदर्श शिक्षणकर्ज योजनेत शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात सरळ व्याज लावायचं असतं, व्याजावर व्याज नाही. त्याच काळात केंद्राच्या व्याज अनुदानाची नोंद जमेला दिसते का ते शोध. २००९पासूनची योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, साडेचार लाखांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलांचं या काळातलं व्याज सरकार भरतं. तुमच्या घरचं उत्पन्न त्या दुष्काळी वर्षांत किती होतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तहसीलचा दाखला दिलेला असूनही अनुदान जमा झालं नसेल, तर लेखी विचार, का नाही? आता ते मिळेल न मिळेल, पण तडजोडीच्या टेबलावर तो मुद्दा वजनदार ठरतो.

आणि नऊ लाखांचं कोडंही तिथंच सुटेल. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक, होतं. त्यानंतरचं व्याज बँक आपलं उत्पन्न म्हणून धरत नाही, वेगळं मांडून ठेवते. म्हणजे आकडे दोन असतात: खात्यावर दिसणारी बाकी, आणि न लावलेलं व्याज धरून नोटिशीत टाकलेली रक्कम. ओटीएसची, म्हणजे ठरावीक रकमेत खातं मिटवायच्या तडजोडीची, घासाघीस पहिल्या आकड्यापासून सुरू कर. मार्च जवळ आला की वसुलीच्या टार्गेटपायी साहेब लोक जरा मोकळ्या मनानं ऐकतात, हे अनुभवानं सांगतो.

नोटीस लोकअदालतीची आहे, दावा अजून लागलेला नाही. म्हणजे तिथं जायचं ते बोलणी करायला. पटलं नाही तर सही न करता उठून येता येतं. पण तडजोड लिहून दिली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं आणि अपील नसतं. म्हणून 'महिना पंधरा हजार भरते' असं तिथं भावनेच्या भरात कबूल करून बसू नकोस. पुढच्या तारखेचे चेकही देऊ नकोस. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, चेक परतला की कलम १३८चं फौजदारी लचांड मागे लागतं.

'जमीन लिलावात काढू' असं वसुलीवाला अण्णांना पारावर सांगून गेला, ते ऐकून रागच आला. तुझ्या कर्जाला जमीन तारण नाही, आणि कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात जो बोजा आहे तो पीककर्जाचा. उद्या बँकेनं रीतसर दावा लावून हुकूमनामा मिळवला तर गोष्ट वेगळी, पण तो रस्ता लांबचा आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. करत असतील तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार दे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आकडा ठरला की तो बँकेच्या लेटरहेडवर घे, भरण्याच्या शेवटच्या तारखेसकट. पैसे थेट कर्जखात्यात, कुणाच्या मोबाइलवर नाही. मोबाइलच्या ॲपवरून कर्ज काढून हे कर्ज फेडायचं, हा विचारही नको. त्यापेक्षा बँकेकडून दोन-तीन टप्पे मागून घे, दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचे पैसे येतात. भरणा झाला की बेबाकी दाखला, म्हणजे काही येणं उरलं नाही असं बँकेचं पत्र. सिबिलवर 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलेलं, असा शेरा लागेल आणि ते काही वर्षं तुला नडेल, पण अण्णांसमोरचा अडसर निघणं मला जास्त मोलाचं वाटतं. महिन्याभरानं दोघांचाही रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक राहिली असेल तर तक्रार कर. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नकोस, शाखेत पाय ठेवायला जागा नसते. उताऱ्याच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, अनुदानाची नोंद मी शोधून देतो.

तुझा,
काका