विदर्भातल्या गावात राहून बेस गिटार शिकावी का? कोणती घ्यावी, आणि वाजवायला बोलावतं कोण?

तुम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या गावातून विचारलंय: बेस शिकण्यात अर्थ आहे का, चार तारांची घ्यावी की पाच, आणि शिकल्यावर इकडे कार्यक्रम मिळतात का. मित्र 'लीड शिक' (म्हणजे धून वाजवणारी गिटार) म्हणतात तेही लिहिलंय. मी तुमच्या शेजारचाच, ब्रह्मपुरीकडचा. दिवसा कृषी केंद्र सांभाळतो. धान निघालं की मंडईपासून (आपली दिवाळीनंतरची गावजत्रा) होळीपर्यंत, आणि मग एप्रिलमध्ये, हौसेनं बेस वाजवतो. पोट त्यावर नाही, म्हणून कोणाची मर्जी राखायचं कारण नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीचं त्यावरच ठरतं. नुसता बेस वाजवणाऱ्याला आपल्याकडे कोणी सुपारी देत नाही. ऑर्केस्ट्राचा मालक आधी माणसं मोजतो: गायक, गायिका, निवेदक, ऑक्टोपॅड, ढोलक, कीबोर्ड. गाडीत जागा तेवढीच. कीबोर्डवाला डाव्या हातानं खालचे सूर दाबतोच, मग मालक म्हणतो, "बेस तर त्याच्यातच येऊन राह्यला ना भाऊ, तुमाले काऊन नेऊ?" त्याचं चूक नाही. मांडवात बसलेल्या माणसाला पहिल्या दोन गाण्यांत फरक कळतही नाही.

म्हणून मालकाच्या मागे लागू नका, कीबोर्डवाल्याशी दोस्ती करा. खालचा भाग तुम्ही उचलला की त्याचा डावा हात सुटतो. मग व्हायोलिनचे तुकडे आणि बासरीची उत्तरं तो दोन्ही हातांनी वाजवू शकतो, आणि हे त्याला एकदा लागलं की पुढच्या वेळी तुम्हाला तोच मागून घेतो. मला बहुतेक कार्यक्रम असेच मिळाले. लीडचं म्हणाल तर प्रत्येक तालुक्यात लीडवाले भरपूर आहेत आणि सगळे तोच एक तुकडा वाजवतात.

शिकायला सगळ्यात चांगली जागा भीमजयंतीचे कार्यक्रम. १४ एप्रिलच्या आगेमागे गावोगावी भीमगीतांचे संच फिरतात. ठेका ठाम असतो, गाणी लोकांना तोंडपाठ असतात, फर्माईश कुठूनही येते आणि गायक मध्येच कडवं वाढवतो. तिथं कागद बघून वाजवणारा टिकत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकाची तालीम वेगळी. वडसा-देसाईगंजच्या मंडळांचं नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणारे नट तीन-चार, प्रत्येकाची पट्टी (कोणत्या सुराला सा धरून गातो ती) वेगळी आणि ती तुम्हाला कोणी सांगत नाही. ऑर्गनवाला सूर धरतो, तेवढ्यात ओळखायचं. शिवाय पौष-माघातली थंडी. संध्याकाळी लावलेल्या तारा मध्यरात्रीनंतर आखडतात आणि सूर वर सरकतो, ऑर्गन मात्र होता तिथंच. दर अंकाला ट्यूनर लावा, क्लिपचा स्वस्तातला चालतो.

एका ठिकाणी मात्र बेस घेऊन जाऊ नका: राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात. खंजिरी, टाळ आणि हार्मोनियम एवढ्यात ते पूर्ण आहे. मला कोणी आग्रह केला तरी मी तिथं ऐकायलाच बसतो.

आता पट्टी. इंटरनेटवरचे सगळे धडे ई, ए, डी, जी या मोकळ्या तारांभोवती फिरतात. आपल्या भाषेत, हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून, त्या चार तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आणि आपले गायक? पुरुष काळी एक नाहीतर काळी दोन, बाया बऱ्याचदा काळी चार, काळी पाच. म्हणजे गायकाचा सा तुमच्या एकाही मोकळ्या तारेवर नाही, आणि धड्यात शिकलेला निम्मा हात मांडवात निरुपयोगी. यावर दोन उपाय आहेत.

पहिला, सगळ्यांनीच करावा असा: काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची दांडी), आणि त्याच फ्रेटला शेजारच्या जाड तारेवर खालचा पंचम. काळी दोनला हेच सहाव्या फ्रेटवर. एकच आकार वरखाली सरकवायचा. बाराही पट्ट्यांचे सा-प डोळे मिटून सापडेपर्यंत दुसरं काही शिकू नका.

दुसरा उपाय मी स्वतः वापरतो. चारही तारा अर्धा सूर उतरवून लावा. मोकळ्या तारा होतात काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन. काळी पाच सोडली तर या सगळ्या गायकांचा सा हाताशी येतो आणि मोकळी तार जी घुमते ती मुफ्तमध्ये. तारा किंचित सैल लागतात, थोड्या जाड चढवल्या की झालं. फक्त दुसऱ्याशी बोलताना गोंधळ होतो, म्हणून आमच्यात फ्रेटचा आकडा कोणी सांगत नाही, पट्टीच सांगतो.

किती वाजवायचं हा त्याहून मोठा विषय. ढोलकाची धुम आणि तबल्याचा डग्गा तुमच्याच घरात राहतात. केरवा घ्या: धा गे ना ती, न क धी ना. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, डग्गा जोरात बोलतो, तिथं तुम्हीही लांब सूर ओढला तर दोघांचं मिळून नुसतं ढब्ब ऐकू येतं. पाचव्या-सहाव्या मात्रेला, 'न क'वर, डग्गा घुमत नाही. ती जागा तुमची. मी समेवर आखूड मारून सोडतो आणि पाचवीवर सूर लांबवतो. ढोलकवाला वळून बघतो, आणि मग तोही तुम्हाला जागा ठेवायला लागतो. मोबाईलवर दिसणारी ती अंगठ्यानं फटके मारायची स्लॅप तऱ्हा शिकायला हरकत नाही, पण ढोलकाच्या बाजूला बसून ती केलीत तर तुमच्याकडे कोणी वळून बघणार नाही, उठवतील.

वाद्य कोणतं? चार तारांचं, पॅसिव्ह (बॅटरी न लागणारं), आणि दिसायला साधं. पाचवी तार पांढरी सातपर्यंत उतरते, साधारण ३१ हर्ट्झ. आपल्या गावातल्या बऱ्याच साऊंडमधून चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा ४१ हर्ट्झचा सूरच नीट निघत नाही, आणि खांबावरच्या भोंग्यातून तर बेस निघतच नाही. कानाला येतात ते त्याचे वरचे उपस्वर. पाचव्या तारेचे पैसे कशाला द्यायचे? ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. ती नाटकाच्या दुसऱ्या अंकात उतरली तर वडशाची दुकानं उघडेपर्यंत थांबावं लागेल.

पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारी चुंबकाची गुंडाळी, बघून घ्या. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस काढला आणि १९५७ मध्ये त्याचं पिकअप दोन तुकड्यांत विभागलं. त्या दोन तुकड्यांत घुरघुर परस्पर कापली जाते. दुसरा प्रकार जॅझ बेसचा, त्यात एकेका गुंडाळीची दोन पिकअप. दोन्ही पूर्ण उघडी ठेवली तर बहुतेक वाद्यांत आवाज शांत असतो, एक कमी केलं की घुरघुर सुरू. जनरेटर, झगमगत्या माळा आणि एकाच बोर्डावर लटकलेली दहा वायरींची गर्दी, अशा मांडवात मी प्रिसिजन पद्धतीचंच वाद्य घेईन. त्यावर खुद्द फेंडरचं नाव असायची गरज नाही. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट यांचे सुरुवातीचे बेस पुष्कळ झाले. नागपूरला सीताबर्डीवर जा, हातात घेऊन बघा, उभं राहून पट्टा लावून बघा. ३४ इंच तारेचं वाद्य गिटारपेक्षा बरंच लांब असतं. हात लहान असेल तर ३० इंचाचं 'शॉर्ट स्केल' मागा, लाज वाटू देऊ नका; पॉल मॅककार्टनीनं वाजवून जगभर गाजवलेला हॉफनर त्याच मापाचा आहे.

आपल्या हवेबद्दल दुकानदार सांगणार नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठाक. लाकूड आकसतं, मान सपाट होते, तारा फ्रेटवर फरफरतात आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. पावसाळ्यात उलटं, मान फुगून तारा उंच होतात. ट्रस रॉडची (मानेच्या आतल्या सळईची) चावी पाव वळसा फिरवून एक दिवस थांबायचं, हे शिकून घ्या, म्हणजे दर ऋतूला नागपूरची फेरी नको. आणि कूलर! आपल्या घरात उन्हाळाभर कूलरच्या तोंडासमोरच सगळं सामान असतं. बेस तिथं ठेवलात तर तारा गंजतील आणि मान एकाच उन्हाळ्यात दोनदा वाकेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पेटीत ठेवा.

अँप आत्ता घेऊ नका. त्याऐवजी डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) आणि बरी वायर घ्या. तुमचा पॅसिव्ह बेस लांब वायरीनं थेट मिक्सरमध्ये घुसवला की आवाज पातळ होतो आणि घुरघुर चढते. डीआयनं तो माइकसारखा जातो, साऊंडवाल्याला ओळखीचा वाटतो. साऊंडवाल्याशी गोड बोला, चहा तुम्ही पाजा. त्याला डीजेची सवय असते. बेस म्हटलं की तो १८ इंची डब्ब्यांचं खालचं बटण टोकापर्यंत फिरवतो. त्याला म्हणायचं, "दादा, खालचं कमी करा, मधलं थोडं द्या." मधलं वाढलं की सूर कळतो, नाहीतर छातीला नुसते धक्के.

वीज हा गमतीचा भाग नाही. बेसच्या तारा वायरीतून अर्थला जोडलेल्या असतात. अँप एका लाइनवर, मिक्सर दुसऱ्या, आणि अर्थिंग कुठंच धड नाही, अशा वेळी तारेवर हात आणि ओठ माइकला लागला की झटका बसतो. गणपतीत पायाखाली ओल असते, तेव्हा आणखी वाईट. वाजवायच्या आधी माइकच्या जाळीला आणि बेसच्या तारेला टेस्टर लावायचा. दिवा पेटला तर सगळं एकाच बोर्डावरून घ्यायला लावा, तरी पेटला तर वाजवू नका. घुरघुर घालवायला डीआयवरचं ग्राउंडचं बटण वापरा. प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

ऐकायचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ ऐका. जुनी गाणी हेडफोन लावून, फक्त खालचा सूर धरून. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा आणि तारा क्वचितच बदलायचा. वेग बोटांच्या संख्येवर नसतो हे त्याच्याकडून कळतं. 'इंडियन ओशन' या बँडचे राहुल राम बेस वाजवता वाजवता गातात, आणि आपल्या कानाला ओळखीच्या सुरावटीत बेस कुठं थांबतो ते त्यांच्यात स्वच्छ ऐकू येतं. मोहिनी डे अफाट आहे, पण तिचं ऐकून लगेच वाद्य हातात घेऊ नका, दोन दिवस जाऊ द्या.

मानधनाचं बोलणं गाडीत बसायच्या आधी करा. जाणं-येणं, जेवण आणि पहाटे परत सोडणार कोण, हे तिन्ही विचारा. नवीन असताना पैसे थोडेच मिळतील, पण 'पुढच्या वेळी बघू' म्हणणाऱ्याची पुढची वेळ येत नाही. गणपती-देवीत दहाला भोंगे बंद होतात, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. तेव्हा कार्यक्रम वेळेत सुरू होणार का तेही आधीच विचारा, नाहीतर शेवटच्या चार गाण्यांसाठी चाळीस किलोमीटर जाऊन बसाल.

तुमच्या गावात किंवा जवळपास भीमगीतांचा संच असेलच. त्यांचा मुख्य गायक कोणत्या पट्टीत गातो ते विचारून इथं खाली लिहा. त्या पट्टीत पहिली पाच-सहा गाणी कोणती बसवायची आणि बोटं कुठं ठेवायची, ते सांगतो.