पाय टेकत नाहीत

“मॅडम, हा एका जागी पाच मिनिटं बसत नाही. याच्यातच काही आहे, की आमचं काही चुकतंय?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. कधी ‘बसत नाही’च्या जागी ‘ऐकत नाही’ असतं, कधी ‘लक्ष देत नाही’. पण आईवडिलांच्या मनात संशयित दोनच असतात, एक ते मूल आणि दुसरे ते स्वतः. आणखी कुणाकडे बोट जाऊ शकतं हे त्यांच्या मनातही येत नाही. बरीच वर्षं माझ्याही येत नव्हतं.

मुलगा आठ वर्षांचा. त्याला निखिल म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईने येताना पुरावेच आणले होते. शाळेच्या डायरीतले बाईंचे तीन शेरे, चेंडू खेळण्याबद्दल इमारतीच्या समितीचं एक पत्र आणि खालच्या मजल्यावरून आलेली ‘धावण्याचा आवाज होतो’ ही चिठ्ठी. सोबत इंटरनेटवर सापडलेला शब्द, एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड करणारी अवस्था. वडील म्हणाले, “मीही लहानपणी असाच होतो. पण आम्ही दिवसभर बाहेरच असायचो.” एवढं बोलून ते गप्प बसले, आणि मीही ते वाक्य तसंच सोडून दिलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं.

आम्ही बोलत असताना निखिल माझ्यासमोरच्या खुर्चीत पाय हलवत होता. टेबलाला धक्का लागत होता. मी म्हटलं, “पाय स्थिर ठेव बरं जरा.” दोनेक मिनिटं ठेवले, मग पुन्हा सुरू. माझ्या नोंदवहीत मी लिहिलं, ‘अस्वस्थ. पायांची सतत हालचाल.’

ते गेल्यावर खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकले, तेव्हा ती खुर्ची पहिल्यांदा खालून पाहिली. त्याचे पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर राहत असणार. निम्मी मुलं येतात अशा खोलीत एकही खुर्ची मुलांच्या मापाची नव्हती, आणि वर त्या लोंबकळणाऱ्या पायांची नोंद मी लक्षण म्हणून केली होती! उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून अर्धा तास बसून बघा, मग एकाग्रतेबद्दल बोलू.

तपासणी अर्थात रीतसर करून घेतली. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. शाळा आणि घर धरलं तर दोन ठिकाणं झाली. पण आईशी बोलताना कळलं, की मोकळं आवार असलेल्या एका नातेवाइकांकडे तो महिनाभर राहिला होता. तिथे दिवसभर बाहेर हुंदडायचा, संध्याकाळी तासभर कोडं सोडवत बसायचा आणि वेळेवर झोपायचा. लक्षणं मुलाबरोबर प्रवासाला गेलीच नव्हती. मानसतज्ज्ञांनी सविस्तर पाहिलं आणि निदान नाकारलं.

इथे थांबून एक सांगते, कारण ही गोष्ट अर्धवट ऐकून कुणी घरी जाऊ नये. एडीएचडी खरा असतो. ज्या मुलाला तो आहे त्याला ‘मैदानावर सोडा, बरा होईल’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे. म्हणून आधी तपासणी, अंदाज नंतर.

पुढच्या भेटीत मी निखिलला चोवीस चौकटींची एक पट्टी दिली. तास तास. मोठी माणसं काय करायचं ते सांगतात तिथे लाल रंग, तू स्वतः ठरवतोस तिथे हिरवा, झोप निळी. हिरवी अर्धी चौकट निघाली. ती कसली म्हणून विचारलं तर म्हणाला, “आंघोळ. मी त्यात बोटी बुडवतो.”

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची तरी मध्यम ते दमदार हालचाल सांगते. ती या पट्टीत बसवायची कुठे? शाळेने अभ्यासक्रम पुरा व्हावा म्हणून मधली सुट्टी निम्मी केली होती, आणि ज्याचं लिखाण अपुरं राहील त्याची तीही रद्द. म्हणजे चुळबुळ करणाऱ्याचंच लिखाण राहणार, त्याचीच सुट्टी जाणार आणि तो आणखी चुळबुळ करणार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्पष्ट म्हटलं होतं, की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी काढून घेऊ नये. इमारतीच्या आवारात जिथे मुलं खेळायची तिथे आता गाड्या. बाग आहे, पण रस्त्यापलीकडे.

तो रस्ता मी एकदा निखिलच्या आईबरोबर ओलांडून पाहिला. आम्ही दोघी भराभर चालत होतो, तरी शेवटची पावलं लाल दिव्यात पडली. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात मुलांचं रहदारीतलं वागणं अभ्यासून सांगितलं होतं, की लहान मुलांना कितीही शिकवलं तरी ती रहदारीला पुरी पडणार नाहीत, म्हणून रहदारीलाच मुलांच्या बेताने बदलायला हवं. बहुतेक शहरांनी मात्र सोपी वाट धरली आणि मुलांना घरात घेतलं.

यात खलनायक कुणी नाही, हीच अडचण आहे. शाळेला अभ्यासक्रम आहे, समितीला गाड्या आहेत, रस्तेवाल्यांना वाहतूक आहे. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा वाटतो, आणि ज्याच्या वाट्याला ते सगळे एकदम येतात त्याला मत नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क देतं, कलम १२ म्हणतं की मुलावर परिणाम होणाऱ्या बाबतीत त्याचं म्हणणं ऐका. जवळजवळ सगळ्या देशांनी करार स्वीकारला. तरी त्यावर देखरेख करणाऱ्या समितीला २०१३ मध्ये कलम ३१ कडे सरकारं पुरेसं लक्ष देत नाहीत म्हणून वेगळी टिप्पणी काढावी लागली.

हे सगळं मी आईवडिलांना इतक्या व्यवस्थित सांगितलं नाही. मुलगा आजारी नाही, एवढं सांगितल्यावर आई चिडली. “मग दोन वर्षं मी याला ओरडत होते ते कशासाठी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नोंदवही उघडून माझी ‘पायांची सतत हालचाल’ ही ओळ तिला दाखवली.

वडिलांचा प्रश्न होता, “पण हे बदलणार कोण?” मी त्यांना सांगितलं, की नॉर्वेने १९८१ साली मुलांच्या बाजूने बोलायला सरकारी लोकपाल नेमला, जगातला तो पहिला. इटलीत फानो गावाने १९९१ पासून मुलांना शहराच्या कारभारात विचारायला सुरुवात केली. ते म्हणाले, “आमच्या समितीला सांगून बघा!” पण गेले. पहिल्यांदा एकटे गेले, तेव्हा ‘काच फुटली तर?’ यावर बैठक संपली.

दुसऱ्यांदा चार मुलं सोबत होती. निखिलने आवार पावलांनी मोजून कागदावर काढलं होतं. गाड्यांना बेचाळीस पावलं, आम्हाला शून्य. खाली लिहिलं होतं, ‘दुपारी गाड्या नसतात.’ ही गोष्ट एकाही मोठ्या माणसाच्या लक्षात आली नव्हती. चार ते सहा, एक कोपरा, मऊ चेंडू, एवढं मिळालं.

शाळेत बाईंना भेटलो. सुट्टी रद्द करणं त्यांनाही पटत नव्हतं, वरून सूचना होती. निखिलपुरती त्यांनी ती बाजूला ठेवली. वर्गातल्या बाकीच्यांचं काय, हे मी विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. सिग्नलसाठी दिलेल्या अर्जाचं काहीच झालेलं नाही. पालक आळीपाळीने मुलांना रस्ता ओलांडून नेतात.

तीन महिन्यांनी निखिल आला तो सरळ नव्या, बुटक्या खुर्चीत बसला. पाय हलतच होते, फक्त आता जमिनीवर. पाच मिनिटांनी म्हणाला, “बाहेर वाट बघायच्या खुर्च्या अजून मोठ्यांच्याच आहेत.”

“हो, त्या राहिल्या.”

“कधी आणणार?”

मी पुढच्या महिन्यातली एक तारीख सांगितली. त्याने ती वडिलांना फोनमध्ये लिहून ठेवायला लावली.