क्लच सुटेल, सीट वर येणार नाही

फोंड्याहून आलेल्या पत्राचा गोषवारा असा. वय ५६. बोटीवर चीफ इंजिनिअर होते, गेल्या वर्षी कायमचे उतरले. पेन्शन नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये घेतलेली बीएमडब्ल्यू एम२ (दोन दारांची, बुटकी, वेगवान कूपे) आहे, सहा गिअरची मॅन्युअल, १९,००० किलोमीटर झालेली, कर्ज नाही. डाव्या गुडघ्याची झीज दोन वर्षांपासून. पणजीला जाऊन आलं की संध्याकाळी गुडघा सुजतो. डॉक्टर म्हणाले, ऑटोमॅटिक घ्या. शोरूमवाल्यांनी जुनी ६८ लाखांना घेऊन नवी ऑटोमॅटिक एम२ ऑन-रोड १ कोटी २१ लाखांना सांगितली आहे. वरचे ५३ लाख असे उभे करायचे: ३० म्युच्युअल फंडातून, २३ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९.२ टक्क्यांनी. जवळ ७० लाखांच्या मुदत ठेवी, १ कोटी ५५ लाखांचे इक्विटी फंड (पैकी ६२ लाख नफा), फ्लॅटचं भाडं महिना २२,००० आणि घरखर्च १ लाख १० हजार. गाडी चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) दारात हवी. घ्यावी का?

नवी घेऊ नका. ऑटोमॅटिक घ्यायला हरकत नाही, पण तीही दोन गोष्टी तपासल्यावर, आणि त्या दोन्ही शोरूममध्ये होणाऱ्या नाहीत.

आधी आकडे. घरखर्च वर्षाला १३ लाख २० हजार, भाडं २ लाख ६४ हजार. म्हणजे तुमच्या २ कोटी २५ लाखांतून दरवर्षी १० लाख ५६ हजार निघतात, ४.७ टक्के. छप्पन्नाव्या वर्षी, पुढे तीसेक वर्षं काढायची असताना, हा दरच काठावरचा आहे. आता तुमचा बेत त्यात घाला. फंडातून ३० लाख काढलेत तर ४० टक्के नफ्याच्या प्रमाणात १२ लाख नफा बाहेर येतो. वर्षाची १ लाख २५ हजारांची सूट वजा करून उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि सेस, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार कर. कर्जाचा हप्ता ४८,००० च्या जवळपास, पाच वर्षांत व्याजच ५ लाख ७८ हजार. उरलेल्या १ कोटी ९३ लाखांतून पहिली पाच वर्षं दर वर्षी १६ लाखांच्या वर उपसा: ८.४ टक्के. त्यात दुसऱ्याच वर्षी बाजार पडला तर पडत्या भावात युनिट विकून गाडीचे हप्ते भरावे लागतील. कर्जाऐवजी सगळे ५३ लाख फंडातून काढले तरी उपसा ६ टक्क्यांच्या वरच राहतो. हप्त्यांची कटकट तेवढी वाचते.

एक प्रश्न राहतोच: घरखर्चाच्या १ लाख १० हजारांत गाडीचा विमा, सर्व्हिस आणि टायर धरले आहेत का? एम२ ला मागे २८५/३० चे २० इंची टायर लागतात आणि ते पुढच्या टायरांच्या आधी जातात. तुमच्या यादीत ‘पेट्रोल’ एवढी एकच ओळ दिसली.

आता गुडघ्याकडे येऊ, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे. ‘मंगेशीच्या पार्किंगमध्ये उतरताना दरवाजाची चौकट धरून उठावं लागतं.’ हे क्लचचं दुखणं नव्हे. क्लच दाबताना गुडघा थोडा वाकलेल्या अवस्थेतून सरळ होतो. खोल सीटवरून उठताना तो पूर्ण वाकलेला असतो आणि अंगाचं वजन त्याच्यावर येतं. झिजलेल्या सांध्याला दुसरी हालचाल जास्त बोचते. ऑटोमॅटिक एम२ मध्ये डावा पाय मोकळा होईल, पण सीटची उंची तीच, दरवाजा तसाच लांब, आणि अरुंद जागेत तो अर्धवट उघडून अंग मुरगाळून बाहेर येणंही तेच. १ कोटी २१ लाख घालून तुम्ही दुखण्याचा अर्धाच भाग विकत घ्याल, अशी मला शंका आहे.

ती शंका फिटवायला दोन चाचण्या. पहिली घरच्या टेपने. अंगणात, सपाट जागी, जमिनीपासून सीटच्या बाहेरच्या कडेपर्यंतची उंची मोजा. मग घरातल्या खुर्च्या-पाट-स्टुलांपैकी ज्यावरून हात न टेकता दहा वेळा सलग उठता येतं, त्यातल्या सगळ्यात बुटक्याची उंची मोजा. सीट त्याहून दहा-बारा सेंटिमीटर खाली निघाली तर कोणतीही बुटकी कूपे तुमच्यासाठी दोन-तीन वर्षांचीच सोबत आहे.

दुसरी चाचणी भाड्याच्या गाडीची. छोटी ऑटोमॅटिक चार दिवस घ्या, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘ओळखीत’ भाड्याने मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. रोजचाच रस्ता धरा: फर्मागुढीचा चढ, म्हार्दोळ, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, पणजी. एक दिवस मुद्दाम संध्याकाळी पोर्वरीच्या कोंडीत घाला. रोज रात्री गुडघ्याचा घेर त्याच जागी दोरीने मोजून लिहा, आणि तसंच चार दिवस एम२ चं. सूज निम्म्यावर आली तर दोष क्लचचा. फारसा फरक नसेल तर दोष बसण्या-उठण्याचा किंवा गुडघ्याचाच, आणि मग गिअरबॉक्स बदलून पैसा वाया जाईल.

सर्व्हिस सेंटरला क्लचही बघायला सांगा. क्लच प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगची बैठक बदलते आणि पेडल जड होत जातं. रोज चालवणाऱ्याला ते कळत नाही. १९,००० किलोमीटरला प्लेट सहसा जात नाही, पण कोंडीत अर्धा क्लच धरून सरकायची सवय असेल तर जाऊ शकते. तपासणीचा खर्च हजारांत आहे, बाकी सगळे पर्याय लाखांत.

डॉक्टरांना ‘गाडी चालवू का’ असं विचारू नका, ‘या उंचीच्या सीटवरून दिवसातून चार वेळा उठू का’ असं विचारा आणि मोजलेला आकडा समोर ठेवा. उद्या गुडघा बदलावा लागला तर कृत्रिम सांधा किती वाकेल यालाही मर्यादा असते. शस्त्रक्रिया पुढच्या दोन वर्षांत दिसत असेल तर बुटकी गाडी आत्ता घेऊच नका. आधी गुडघा, मग गाडी.

शस्त्रक्रियेचा पैसा वेगळा काढलेला पत्रात दिसत नाही. कंपनीचं आरोग्यकवच बोटीवरच्या कराराबरोबर संपलं, आणि निवृत्तीनंतर घेतलेल्या १० लाखांच्या पॉलिसीला अजून वर्षच झालंय. सांधेरोपणासाठी बहुतेक पॉलिसींत दोन ते तीन वर्षांची प्रतीक्षा असते. शिवाय दुखणं पॉलिसीच्या आधीचं म्हणून आधीपासूनच्या आजाराची अटही लागते. ती एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची करता येते. प्रस्तावात गुडघा लिहिला होता का, ते आजच फॉर्म काढून बघा. लिहिला नसेल तर क्लेमच्या वेळी वांधे होतील, म्हणून कंपनीला आत्ताच लेखी कळवून टाका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांचं कवच आहे. तुमची शस्त्रक्रिया त्यांच्या यादीत कशी बसते ते रुग्णालयाच्या खिडकीवर विचारा. सांध्याच्या कमाल किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारचं नियंत्रण आहे. बिलं फुगतात ती खोली, सर्जन आणि नंतरच्या फिजिओथेरपीने. उजवाही पुढे लागेल असं धरून दोन्ही गुडघ्यांसाठी ७ लाख वेगळ्या ठेवीत टाका आणि ती ठेव गाडीच्या हिशेबात कुठेही धरू नका.

चाचण्यांनी क्लचच दोषी ठरला आणि सीटचा आकडा जमला, तर जुनीच्या बदल्यात जुनी घ्या. मे २०२३ मध्ये एम२ इथे ९८ लाख एक्स-शोरूमला आली तीच मॅन्युअल आणि आठ गिअरची ऑटोमॅटिक अशा दोन्ही रूपांत. तुम्हीच लिहिलं आहे की बंगळुरूचा एक जण तुमच्या गाडीचे ७४ लाख देतोय आणि पुण्यात त्याच वर्षाची ऑटोमॅटिक ७८ ला आहे. मॅन्युअलचं गिऱ्हाईक थोडं, पण असतं ते हट्टी असतं. शोरूमच्या एक्स्चेंजमध्ये त्या हट्टाचा भाव तुम्हाला मिळत नाही, सहा लाखांचा फरक तोच. पुण्याची गाडी गोव्यात आणायची तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते आणि गाडीच्या वयानुसार इथे रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. मी त्याला १० लाख धरले आहेत; नेमका आकडा फोंड्याच्या वाहतूक कार्यालयातून गाडीची मूळ किंमत आणि नोंदणीची तारीख दाखवून आधीच काढून घ्या. महाराष्ट्रातल्या टॅक्सच्या परताव्यावर विसंबू नका. वाहतूक, तपासणी, विमा यांना दोन लाख. दोन गाड्यांतला चार लाखांचा फरक धरून एकूण पदरचे १६ लाख, तेही ठेवींतून, म्हणजे फंडातला नफा आणि त्यावरचा कर दोन्ही जागच्या जागी. उपसा ५ टक्के. मला हे आवडतं असं नाही, पण समजू शकतं.

त्या गाडीत काय बघायचं? तिचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) आहे, कोंडीत सरकायला बरा. ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ असं विकणारा सांगेल. गिअरबॉक्स बनवणारे मात्र साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगतात. थंड इंजिनावर पहिला-दुसरा गिअर पडताना झटका बसतो का ते बघा. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चारही टायरांवरचे, ते बनल्याच्या आठवडा-वर्षाचे आकडे जुळवा. गालिचे उचलून सीटच्या रुळांवर गंज किंवा वाळलेला गाळ आहे का पाहा. शहरात पाणी भरलं की अशाच गाड्या स्वस्तात बाहेर येतात. वॉरंटी वाढवलेली आहे का आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे कागदावर घ्या.

सीटचा आकडा जमला नाही, तर एम२ बंगळुरूला द्या आणि उंच बसायची, तरीही दमदार ऑटोमॅटिक घ्या. दीडशे पीएसची १.५ टर्बो पेट्रोल फोक्सवॅगन टायगुन डीएसजीसह (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह) ऑन-रोड २३ लाखांच्या आसपास धरा. हातात ५१ लाख परत येतात आणि उपसा ३.८ टक्क्यांवर उतरतो. सगळ्या पर्यायांत एवढ्या एकानेच तुमची शिल्लक वाढते. फक्त तिचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. फर्मागुढीच्या चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवलीत तर क्लच तापतात. ब्रेक धरायचा आणि पुढे जागा झाली की एकदम सुटायचं.

तिसराही एक मार्ग आहे, जो तुम्ही विचारात घेतलेला नाही. घरातली वॅगन आर मॅन्युअल आहे. ती देऊन अमेझ सीव्हीटीसारखी छोटी ऑटोमॅटिक घेतली तर वरचे सात-आठ लाख जातात. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, एम२ वर ४०. पणजी-पोर्वरी अमेझने, आणि चोर्ला घाटात रविवारी पहाटे एम२ ने. डॉक्टरांनी क्लच पूर्ण बंद केला असेल तर हे बाद. ‘कमी करा’ म्हणाले असतील तर माझी पहिली पसंती हीच.

विकताना कर नाही. खासगी वापराची गाडी भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे तोटाही कुठे वजा होत नाही. दहा लाखांवरची नवी गाडी घेतलीत तर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) वर आकारेल. तो विवरणपत्रात वळता होतो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो: जुन्या पॉलिसीवरचा २५ टक्के बोनस राखल्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या, ते तीन वर्षं चालतं. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १ लाख ६० हजार असेल तर ते पत्र ४०,००० रुपयांचं आहे, आणि शोरूमचा माणूस त्याची आठवण करून देत नाही. नव्या विम्यात झिरो डेप (भागांचा घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन संरक्षण घ्याच. आपल्या पावसात बुटक्या गाडीच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. बंगळुरूच्या माणसाकडून पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच किल्ली द्या, तारीख-वेळ लिहून ताबापावती घ्या आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

शोरूमला बुकिंगची रक्कम अजून दिली नसेल तर थांबा. दिली असेल तर रद्द केल्यास किती कापतात ते बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. त्या पानाचा फोटो, सीट आणि स्टुलाच्या उंचीचे दोन आकडे आणि आठ रात्रींची दोरीची मापं पाठवा.