टू-फॅमिली घर घेताय? आधी तळघरात उतरा

न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरच्या आसपास किंवा हाइट्स भागात, शंभरेक वर्षांचं टू-फॅमिली म्हणजे दोन बिऱ्हाडांचं घर विक्रीला निघालं, की मराठी घरांत ठरलेला हिशेब मांडला जातो: खाली आपण राहू, वरच्या भाड्यातून हप्त्याला हातभार लागेल. मॅनहॅटनला जाणारी पाथ गाडी जवळ, न्यूअर्क अॅव्हेन्यूवर कढीपत्त्यापासून सगळं मिळतं, आणि भोवती टॉवर उठताहेत म्हणजे भाव वाढणारच. हिशेब चूक नाही. पण जाहिरातीतलं ‘अपेक्षित भाडं’ त्यात धरू नका. वर वीस वर्षं राहणारं फिलिपिनो किंवा इजिप्शियन कुटुंब आज प्रत्यक्षात किती देतं, तो आकडा धरा.

चकाचक किचन नंतर बघा, आधी तळघरात उतरा. विजेचे आणि गॅसचे मीटर मोजा. प्रत्येकी दोन हवेत. विजेचा तिसरा मीटर जिन्याच्या दिव्यांचा असू शकतो. पण तळघरात शेगडी, सिंक आणि बाहेर जाणारं वेगळं दार दिसलं, तर तिथे बहुधा तिसरं बिऱ्हाड होतं किंवा आहे. घर कायद्याने किती बिऱ्हाडांचं, हे शहराच्या कागदावरून ठरतं, एजंटच्या तोंडून नव्हे. बेकायदा बिऱ्हाडाचं भाडं बँक सहसा धरत नाही, आणि आग लागली तर विमा कंपनीशी भांडण ठरलेलं. बॉयलर एकच असेल, तर वरच्यांची ऊबही बहुधा तुमच्याच खिशातून.

तिथेच भिंतीचा खालचा भाग टॉर्चने बघा. पांढरा क्षार फुललाय, बॉयलरच्या पायांना गंज आहे, किंवा खालच्या दोन फुटांनाच ताजा रंग आहे, म्हणजे बहुधा पाणी शिरलेलं आहे. जुन्या शहरात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं. 2021 च्या आयडा वादळासारखा पाऊस झाला की ते उलटं फिरून तळघरात येतं. उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवलाय का, विचारा. बाहेर भिंतीलगत जमिनीतून लोखंडी नळ्यांची टोकं वर आलेली दिसली, तर खाली तेलाची जुनी टाकी असण्याची शक्यता आहे. ती शोधायची तपासणी काही शे डॉलरमध्ये होते. टाकी गळकी निघाली तर माती साफ करायचं बिल हजारोंत जातं.

कर्जाची बाजू. स्वतः राहणार असाल तर 2023 च्या अखेरीपासून फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या) नियमांत दोन ते चार बिऱ्हाडांच्या घराला 5 टक्के डाउन पेमेंट चालतं. भाड्याचा साधारण 75 टक्के भागच उत्पन्नात धरतात. एफएचएचा, म्हणजे सरकारी विमा असलेल्या कर्जाचा, 3.5 टक्के डाउन पेमेंटचा रस्ता एच-वन-बी व्हिसावाल्यांना मे 2025 पासून बंद आहे. जुने व्हिडिओ बघून त्यावर बेत आखू नका. पुण्याहून आई-बाबा पैसे देणार असतील तर ते दोन महिने आधीच खात्यात येऊ द्या, ही भेट आहे, कर्ज नाही, असं बक्षीसपत्र (गिफ्ट लेटर) तयार ठेवा, आणि वर्षभरात रक्कम एक लाख डॉलरच्या वर गेली तर अमेरिकी करखात्याचा फॉर्म 3520 भरा. कर लागत नाही, पण फॉर्म चुकला तर दंड जबर.

मालमत्ता कर हा इथला खरा दुखरा दात. 1988 नंतर थेट 2018 मध्ये शहराने फेरमूल्यांकन केलं आणि अनेकांची बिलं एकदम उडाली. नुकतंच नूतनीकरण केलेल्या घराचा आजचा कर बघून तर अजिबात भुलू नका. वाढीव मूल्यांकनाचं वेगळं बिल शरद ऋतूत येतं आणि 1 नोव्हेंबरला भरायचं असतं, म्हणजे नेमकं तुम्ही राहायला आल्यावर.

आता भाडेकरू. न्यू जर्सीत घर विकलं म्हणून भाडेकरू निघत नाही. तीन किंवा कमी बिऱ्हाडांच्या घरात तुम्हाला स्वतः राहायचं असेल, तर ‘रिकामं ताब्यात द्यावं’ हे करारात लिहिलेलं हवं, भाडेकराराची मुदत संपलेली हवी, आणि दोन महिन्यांची नोटीस विक्रेत्याने द्यायची. ज्याला ठेवणार आहात त्याच्याकडून भाडं, मुदत आणि डिपॉझिट किती, हे सहीनिशी लिहून घ्या. डिपॉझिट क्लोजिंगला, म्हणजे घर तुमच्या नावावर होताना, तुमच्याकडे यायला हवं. विक्रेत्याने दिलं नाही तरी परत करायची जबाबदारी तुमचीच.

हे सगळं करारात घालायची वेळ एकच: एजंटने केलेल्या करारावर सह्या झाल्यावरचे वकिली तपासणीचे तीन कामाचे दिवस. शनिवार-रविवार मोजत नाहीत. या दिवसांत तुमच्या वकिलाने कारण न देताही करार नाकारता येतो, नंतर नाही. म्हणून वकील ऑफर द्यायच्या आधीच ठरवा, आणि तो विक्रेत्याच्या एजंटने सुचवलेला नसावा.