गळा आपला, पट्टीही आपली

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका असून माझे वय 38 आहे. दीड वर्षापूर्वी शास्त्रीय गायन शिकायला सुरुवात केली आणि आमच्या भागातील महिला भजनी मंडळातही गाते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून संध्याकाळपर्यंत आवाज घोगरा होतो, तार (वरच्या) सप्तकात तो फाटतो आणि गणपतीच्या सुट्टीतही तो पूर्ण मोकळा झाला नाही. मंडळात सगळ्या जणी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गातात. नवरात्रात मला पहिल्यांदाच एकटीने अभंग म्हणायचा आहे, पण चार माणसांसमोर पहिलाच षड्ज (सा) थरथरतो. रियाज वाढवावा का? ज्येष्ठमध, खडीसाखर यांचा उपयोग होतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सध्या रियाज वाढवू नका, ही विनंती सर्वांत आधी. सुट्टीतही आवाज पूर्ववत झाला नाही, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. दिवसभर बोलून थकलेला गळा एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने बहुधा मोकळा होतो. मात्र घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घेतलेच पाहिजे. शिक्षक आणि गायक या दोघांच्याही स्वरतंतूंवर सततच्या ताणाने बारीक गाठी येऊ शकतात. अशा गाठी वेळेवर लक्षात आल्या तर आवाजाच्या योग्य वापराचे प्रशिक्षण आणि वाणीउपचार यांनी पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सुधारणा होते, म्हणून तपासणीची भीती बाळगू नका. यात कमीपणाही मानू नका. किशोरी आमोणकर यांच्यासारख्या थोर गायिकेलाही तरुणपणी काही काळ आवाज गमवावा लागला होता, आणि त्यानंतर त्या पुन्हा गाऊ लागल्या.

आपण गाता त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ वर्गात बोलता, त्यामुळे आवाजाची खरी काळजी शाळेतच घ्यावी लागेल. मागच्या बाकापर्यंत ओरडून सांगण्याऐवजी मुलांजवळ जाऊन बोला, वर्ग शांत करण्यासाठी टाळी किंवा लहान घंटा वापरा आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटे खरोखर गप्प बसा. कुजबुजणे म्हणजे विश्रांती, असा पुष्कळांचा समज असतो. पण जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्र आवळले जाते, तेव्हा बोलणे भागच असेल तर हळू, पण मोकळ्या आवाजात बोला. वरचेवर घसा खाकरण्याची सवय असेल तर तीही सोडा, कारण त्या वेळी स्वरतंतू एकमेकांवर जोराने आदळतात. खाकरण्याऐवजी एक घोट पाणी गिळा.

पाणी, ज्येष्ठमध, खडीसाखर किंवा मध यांपैकी काहीही गिळताना प्रत्यक्ष स्वरतंतूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेत उतरते. ज्येष्ठमध-खडीसाखरेने घशाची खवखव शमते, आणि तेवढ्यासाठी ती अधूनमधून जरूर चघळावी. पाण्याचा ओलावा शरीरातून स्वरतंतूंपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून गाण्याच्या आधी घटाघटा पिण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे प्यावे. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तिथवर जाते. घसा बधिर करणाऱ्या झणझणीत गोळ्या गाण्यापूर्वी टाळा, कारण ताण येत असूनही तो जाणवेनासा होतो. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होण्याची सवय असेल तर पोटातील आम्ल वर येऊन सकाळी घसा जड होतो, याकडेही लक्ष द्या.

आता पट्टीविषयी, म्हणजे ज्या स्वराला ‘सा’ मानून आपण गातो त्याविषयी. आपल्या अडचणीचे एक मोठे मूळ मला इथे दिसते. काळी पाचच्या षड्जावर स्वरतंतू सेकंदाला सुमारे 233 वेळा कंप पावतात आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट. काळी चार घेतली तर हाच आकडा 208 आणि 416 च्या आसपास येतो. ऐकणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही, पण तार गंधारापर्यंत (वरच्या ‘ग’पर्यंत) जाणारा अंतरा गाताना गळ्याला तो निश्चित जाणवतो. उंच पट्टी म्हणजे तयारीचा गळा, ही समजूत भजनी मंडळांत फार खोलवर रुजलेली आहे आणि तिने कित्येक चांगले गळे बिघडवले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) स्पष्ट लागतो आणि तार गंधार न ओरडता लागतो, ती आपली पट्टी. ती काळी चार असेल किंवा काळी तीन. गुरूंसमोर बसून ती ठरवा आणि एकटीचा अभंग त्याच पट्टीत म्हणा. मंडळासोबत काळी पाचमध्ये गाताना तार सप्तकातील जागा इतर जणींवर सोपवल्या तरी चालेल.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज वीस मिनिटांचा रियाज पुरेसा आहे. प्रथम तोंड मिटून हुंकार, मग मध्य सप्तकात ‘आ’ म्हणत लांब स्वर, त्यानंतर खर्ज (खालच्या सप्तकातील स्वर) आणि शेवटी संथ लयीत दोन-तीन अलंकार (ठरावीक क्रमाने गायचे स्वरसमूह). खर्जाच्या साधनेतही स्वर दाबून खाली ढकलू नये. जिथे तो नुसता घरघरतो, तिथून वर यावे.

थरथरणाऱ्या षड्जाचे कारण बहुधा श्वासात असते. भीतीने श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, तोंड कोरडे पडते आणि अपुऱ्या श्वासावर लांब स्वर तोलण्याची वेळ येते. म्हणून सुरुवात लांब षड्जाने करू नका. तानपुरा दोन-तीन आवर्तने शांतपणे ऐका, श्वास पूर्ण सोडा, पोटापर्यंत नवा श्वास येऊ द्या आणि अभंगाच्या शब्दांनीच आरंभ करा. पेटी वाजवणाऱ्या ताईंना पट्टी आणि लय आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐनवेळी पट्टी बदलली की अनुभवी गायिकाही गडबडते. तोपर्यंत दर आठवड्याच्या भजनात एक चरण एकटीने म्हणा आणि बाकीच्यांना मागे धरू द्या. घरी मात्र अभंग चुकला तरी न थांबता शेवटपर्यंत म्हणण्याची सवय लावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकले तर आपल्याला केवळ आपल्या चुकाच ऐकू येतात.

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा असून गायनाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षेची तयारी करतो आहे. गेल्या काही महिन्यांत त्याचा आवाज फुटला आहे आणि तो गाणे सोडायचे म्हणतो. काय करावे?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. हा आजार नव्हे. त्याला जुन्या पट्टीत गाण्याचा आग्रह करू नका. जे पाच-सहा स्वर सहज लागतात तेवढ्यांतच, हळू आवाजात, थोडा वेळ गाऊ द्या. ताल, बंदिशींचे पाठांतर, रागांची ओळख आणि पेटीवादन यांना आवाजाची अडचण येत नाही, तेव्हा शिकवणी बंद करण्याचे कारण नाही. परीक्षा एखादे सत्र पुढे ढकलता येईल का, हे गुरूंना विचारा, आणि घरी पाहुण्यांसमोर त्याला गाऊन दाखवायला सांगणे सध्या पूर्णपणे थांबवा.