एकाच लॅपटॉपवरचा सर्व्हर मुलाखतीत दाखवावा का?

तुमचे पत्र मिळाले. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात तुम्ही लिनक्सवर सी भाषेत एक सर्व्हर आणि एक क्लायंट लिहिला आहे. दोन्ही एकाच लॅपटॉपवर चालतात, युनिक्स डोमेन सॉकेटवरून (एकाच संगणकावरील दोन प्रोग्रामना एका फाइलच्या नावाने जोडणाऱ्या मार्गावरून) बोलतात, आणि क्लायंटने पाठवलेली ओळ सर्व्हर उलटी करून परत देतो. मित्रांनी त्याला खेळणे ठरवल्यामुळे हा प्रकल्प बायोडाटात ठेवावा की घाईने एखादे संकेतस्थळ उभे करावे, असे तुम्ही विचारले आहे.

ठेवावा, परंतु आज आहे त्या अवस्थेत नव्हे.

प्रथम मित्रांच्या आक्षेपाविषयी. सॉकेटची ही पद्धत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या प्रणालीतून १९८३ साली पुढे आली आणि आजही ती रोजच्या वापरात आहे. लिनक्सवर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटला ‘लोकलहोस्ट’, म्हणजे हाच संगणक, असे सांगितले, की तो सहसा नेटवर्ककडे न वळता अशाच सॉकेट फाइलमधून सर्व्हरशी जोडला जातो. प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरची आज्ञाही त्याच्या सर्व्हरपर्यंत बहुधा याच वाटेने पोहोचते. तेव्हा विषय क्षुल्लक नाही. तुमचा प्रोग्राम मात्र अजून फारसा अडचणीत सापडलेला नाही, आणि अनुभवी मुलाखतकार नेमके तेच विचारील.

तुम्ही लिहिता की ‘एका रीडमध्ये’, म्हणजे वाचनाच्या एका आज्ञेत, ‘पूर्ण ओळ येते’. छोट्या ओळींच्या बाबतीत ती येते, एवढेच. स्ट्रीम प्रकारचा सॉकेट बाइटांचा क्रम राखतो, संदेशांच्या सीमा राखत नाही. त्यामुळे दोनदा लिहिलेले एकाच वाचनात येऊ शकते, आणि एकदा लिहिलेले तुकड्यातुकड्याने येऊ शकते. प्रत्येक संदेशाआधी चार बाइटांत त्याची लांबी पाठवा आणि तेवढे बाइट हाती येईपर्यंत वाचत राहा. नेटवर्कवरील टीसीपी या संदेशवहनाच्या पद्धतीलाही हाच नियम लागू असल्याने येथे घेतलेले कष्ट पुढे नेटवर्कवर जसेच्या तसे उपयोगी पडतील.

दुसरी बाब तुम्हीच नोंदवली आहे: सर्व्हर मध्येच बंद पडल्यावर पुन्हा सुरू करताना ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असा संदेश येतो. प्रोग्राम संपला तरी सॉकेटची फाइल डिस्कवर तशीच राहते, हे त्याचे कारण. बाइंड करण्यापूर्वी, म्हणजे सर्व्हरला ते फाइलनाव जोडण्यापूर्वी, ती डोळे झाकून पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण जुना सर्व्हर अद्याप चालू असेल तर तो जिवंत राहूनही नव्या क्लायंटना सापडेनासा होतो. म्हणून आधी जोडणी करून पाहा. ती नाकारली गेली तरच फाइल पुसा. हा फरक ज्याला सांगता येतो, त्याने प्रोग्राम स्वतः चालवून पाहिला आहे हे वेगळे पटवावे लागत नाही.

उत्तर मिळण्याआधीच क्लायंट निघून गेला तर त्याला लिहू पाहणारा सर्व्हर सिगपाइप या सिग्नलने मरतो, तेही हाताळा. एका वेळी अनेक क्लायंट सांभाळण्यासाठी पोल, म्हणजे अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवणारी आज्ञा, वापरून पाहा. फाइलच्या परवानग्या कोणाला जोडू देतात, हेही तपासा.

नोकरीविषयी स्पष्टच सांगतो. नवपदवीधरांची मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या कंपन्यांच्या पहिल्या चाळणीत हा प्रकल्प फारसा मोजला जाणार नाही. तेथे अभियोग्यता चाचणी आणि सोपी कोडिंगची उदाहरणेच लागतात, त्यामुळे त्यांचा सराव सोडू नका. एम्बेडेड लिनक्स, डेटाबेस, स्टोरेज, वाहनांतील सॉफ्टवेअर अशा कामांसाठी मात्र तो बोलण्याजोगा विषय आहे. अशा जागा तुलनेने कमी असतात, हेही लक्षात ठेवा.

बायोडाटात ‘क्लायंट-सर्व्हर ॲप्लिकेशन’ असे मोघम लिहू नका. तसे अनेक जण लिहितात. लांबीसह संदेशरचना, जुन्या सॉकेट फाइलची हाताळणी आणि एकाच वेळी किती क्लायंट तुम्ही स्वतः तपासले तो आकडा, एवढे दोन ओळींत लिहा. संकेतस्थळ करण्याची इच्छा असेलच, तर पुढील सत्रात त्याच्या मागील बाजूस हाच सर्व्हर बसवा.